अर्ध्या तासाची उशी

आखणीकाकांना कंपनीने निरोप दिला तेव्हा भेट म्हणून चाकांची एक बॅग दिली. ज्या माणसाला उभ्या नोकरीत एकदाही बॅग भरायला सवड मिळू दिली नाही, त्याला जाताना बॅग! मालकांना विनोद करता येत नसे, त्यामुळे तो विनोद नसावा; प्रवाशांना वाटून उरलेल्यांपैकी ती एक असावी. काकांनी चाकं फिरवून पाहिली, कुलूप दोनदा लावून पाहिलं आणि आभाराचं भाषण दिलेल्या वेळेच्या आत संपवलं.

कंपनी लोकांना परदेशी फिरवून आणायची. कुठल्या दिवशी कुठे जायचं, किती वाजता उठायचं, संग्रहालयात किती वेळ भारावून जायचं आणि त्यानंतर स्वच्छतागृहाला किती वेळ द्यायचा, हे सगळं काका आखत. त्यातला एक देश त्यांच्या खास हातचा होता, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत आडवा पसरलेला. तिथल्या कुठल्या हॉटेलची कुठली खिडकी कचराकुंडीवर उघडते, बस थांबते तिथून राजवाड्यापर्यंत जाताना म्हाताऱ्यांना कुठे धाप लागते, हे त्यांना तोंडपाठ होतं. गेले मात्र ते तिथे कधीच नव्हते. माहिती सगळी तक्रारींतून आलेली. सहल परत आली की लोक तक्रारी करत, काका त्या शांतपणे ऐकून घेत आणि पुढच्या खेपेला देश थोडा दुरुस्त करत.

त्यांच्या कामाचं सगळं मर्म होतं उशीत. बस नऊला निघणार असेल तर प्रवाशांना साडेआठ सांगायचं. मधला अर्धा तास म्हणजे उशी. कोणाचा चष्मा खोलीत राहतो, कोणाची बायको. ते धक्के या उशीवर झेलायचे. खरी वेळ फक्त सहल नेणाऱ्या बाईंना माहीत असायची, ज्यांना सगळे कप्तानबाई म्हणत. अडचण एकच होती. जे प्रवासी दुसऱ्यांदा येत त्यांना उशी कळलेली असे. साडेआठ म्हटलं की ते नऊच धरत. मग त्यांना काका आठ सांगत. तिसऱ्यांदा येणाऱ्यांना काय सांगावं याचा मात्र त्यांना खरोखर विचार पडे.

असं काम करणारा माणूस घरी येताना उशी ऑफिसात ठेवून येईल ही अपेक्षाच चूक. दवाखाना, बँक, नातेवाइकांकडचं जेवण, काकांनी सांगितलेली वेळ कधीच खरी नसे. घरच्यांनी त्यावर भांडण केलं नाही. त्यांनी फक्त मनातल्या मनात उशी वजा करायची सवय लावून घेतली. लेकीच्या लग्नात काकांनी सगळ्यांना वेळ अर्धा तास आधीची कळवली होती. पाहुणे काकांना ओळखून होते. सगळे खऱ्या वेळेला, तंतोतंत आले. एकट्या फोटोग्राफरला हे ठाऊक नव्हतं. तो बिचारा सांगितलेल्या वेळेला हजर झाला आणि नुसतं बसून राहायचं कसं म्हणून फोटो काढत बसला. लेकीच्या लग्नाच्या अल्बमची पहिली चार-पाच पानं रिकाम्या खुर्च्यांची आहेत. काकू ती पानं सगळ्यांना आवर्जून दाखवत. "हे आमच्या ह्यांच्या बाजूचे लोक," म्हणत.

काकू सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं बांधायच्या. फाटलेली, कणा मोडलेली, पानं सुटलेली पुस्तकं त्यांच्याकडे येत आणि बऱ्याच दिवसांनी सरळ उभी राहून परत जात. निवृत्त झाल्यावरही वाचनालय अवघड दुखणी घरी पाठवत असे, त्यामुळे जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कायम पुस्तकं आवळून धरणाऱ्या लाकडी दाबाखाली असायचा. काकूंचं काम घाईचं नव्हतं. खळ सुकायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. तिला लवकरची वेळ सांगून ती लवकर सुकत नाही. नवऱ्याच्या आणि आपल्या कामातला हा फरक काकू वर्षातून एकदा तरी बोलून दाखवत. बहुधा हंगाम सुरू होताना, काकांनी "या वर्षी नको, पुढच्या वर्षी जाऊ" असं म्हटल्यावर. तो देश काकूंनाही बघायचा होता. पासपोर्ट काढून झाला होता, मुदत संपली म्हणून नवाही करून झाला होता, आणि दोन्हींची पानं कोरी होती.

तर निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात काकांनी टेबलाच्या आपल्या अर्ध्या भागावर सहलीची आखणी ठेवली. दोघांची. समुद्रापासून समुद्रापर्यंत. सुबक, टंकलिखित, वर पारदर्शक कव्हर.

काकूंनी ती पुस्तक हातात घेतात तशी घेतली, म्हणजे आधी उलटी करून पाठ बघितली, मग शेवटचं पान, मग पहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण यात मी कुठे आहे?"

"सगळीकडे आहेस की. बघ ना, प्रत्येक ठिकाणी दोन माणसं लिहिलंय."

"दोन नग लिहिलं असतं तरी चाललं असतं." काकूंनी एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे काय? मोकळा वेळ, साडेतीन ते पाच. पाच वाजता काय होतं त्याचं? कुलूप लावतात?"

"अगं, कुठेतरी संपायला नको का?"

"मला नाही यायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला फिरायला जायचंय, कवायतीला नाही. इतकी वर्षं थांबले, आता शिट्टी ऐकत पळायला माझ्या गुडघ्यांत बळ नाही. तुम्ही या जाऊन."

काका दुखावले. दुखावले की ते टेबलावरच्या वस्तू काटकोनात लावत. त्यांनी आखणी टेबलाच्या कडेला समांतर ठेवली, पेन तिच्या शेजारी ठेवलं, आणि म्हणाले, "बरं. मग मी एकटा जातो. आणि काही न आखता जातो."

काकू हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. पण वर्षानुवर्षं साठलेलं होतं, त्यामुळे जरा जास्तच निघालं. "तुम्ही? काही न आखता?"

"पहिल्या रात्रीची खोली आणि परतीचं तिकीट. बाकी काही नाही. गाडीत बसायचं, खिडकीतून बघायचं, बरं वाटलं तिथे उतरायचं."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर पुढच्या ठिकाणी," काका म्हणाले. बोलल्यावर त्यांनी सरळ असलेलं पेन पुन्हा सरळ केलं. शब्द तोंडातून गेले होते.

असा तो प्रवास ठरला. देश बघायची हौस त्यात होतीच, पण मुख्य भाग होता जिरवून दाखवण्याचा. बरेच लांबचे प्रवास असेच ठरतात.

काही न आखण्याची तयारी काकांनी फार काटेकोरपणे केली. टेबलासमोरच्या भिंतीवर त्यांनी त्या देशाचा मोठा नकाशा लावला. आधी त्यावर रंगीत टाचण्या टोचल्या, मग हे आखल्यासारखं होतंय असं वाटून त्या काढल्या, मग भोकं दिसतात म्हणून नकाशा थोडा तिरका लावला. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, निदान दुसऱ्या रात्रीचं तरी बघा." काका म्हणाले, "नाही. दुसरी रात्र दुसऱ्या दिवशी बघायची." लेकीने तो फोन ठेवला आणि आईला लावला. "आई, बाबांना बरं आहे ना गं?"

"बरं आहे," काकू म्हणाल्या. "नकाशापुढे उभे आहेत. देवळात उभं राहावं तसे."

आता झालं असं, की काकू दाबाखालचं पुस्तक सुकेपर्यंत मोकळ्या असत, आणि मोकळ्या असल्या की समोर नकाशाच दिसे. एका संध्याकाळी त्यांनी चहाचा कप हातात धरूनच विचारलं, "ही नदी इथे एवढी वळलीय, तिथे काय आहे?"

काका जवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. "माहीत नाही," ते म्हणाले. "आमच्या गाड्या तिथे थांबायच्या नाहीत."

काकूंनी कप खाली ठेवला. नवऱ्याच्या तोंडून "माहीत नाही" हे शब्द त्यांनी पूर्वी ऐकले असतील, पण ते दातदुखीसारखे यायचे. आज त्यांत एक मजा होती. जणू खिशात अचानक काहीतरी सापडलंय.

"असेल काहीतरी," काकू म्हणाल्या. "एवढं वळलीय म्हणजे कारण असणार."

"बघून सांगेन."

"फोटो नका पाठवू. सांगा."

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं नकाशापुढे खुर्च्या टाकून बसू लागली. कुठे डोंगर, कुठे सरोवर, कुठे नुसताच पिवळा रंग. काका एखाद्या शहराचं नाव निघालं की "तिथे हॉटेलात लिफ्ट नाही" म्हणून जात आणि काकू त्यांच्याकडे बघत. मग ते गप्प बसत. जिथलं काकांना काही माहीत नव्हतं अशाच जागा काकू शोधून काढत. एके दिवशी त्यांनी नकाशा भिंतीवरून उतरवला, आणि बांधणीच्या कापडाचं अस्तर लावून, घड्यांच्या रेषांवर पट्ट्या डकवून, आठ दिवस दाबाखाली ठेवून परत दिला. "कसाही दुमडा," त्या म्हणाल्या, "फाटणार नाही."

काकांना त्या कापडाचा अर्थ कळला नाही असं नाही. त्याच सुमारास काकूंनी चालायचे नवे बूटही आणले होते, आणि वाचनालयाच्या जिन्यासाठी आणलेत असं सांगून त्या ते घरभर घालून फिरत होत्या. एवढं न कळायला काका काही दगड नव्हते. फक्त आपल्या फुशारकीतून उतरायचं कसं, हे त्यांना सुचत नव्हतं. एकटा जातो म्हणून मोठ्या तोंडाने सांगून बसलेला माणूस "चल ना" म्हणायला शंभर दारांवरून फेऱ्या मारतो.

शेवटी कप्तानबाईंनी ती वेळ आणली. काकांच्या व्हिसाचे कागद घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "काका, गुरुवारी संध्याकाळी आपल्या कागदांची शेवटची थैली वकिलातीत जाते. मग त्यांची मोठी सुट्टी. काकूंचं काही मनात असेल तर गुरुवारच्या आत आणा बरं का. नंतर देव आला तरी होणार नाही."

"तिचं कुठे काय मनात आहे," काका म्हणाले. पण घरी येताना त्यांनी मनाशी ठरवलं. विचारायचं. आणि सरळ विचारायचं. उशी न घालता, मागे न लागता. आपण बदललोय हे तिला त्यातूनच कळेल.

काकू तेव्हा एका जाड शब्दकोशाच्या पाठीला शिवण घालत होत्या. सुई दातांत होती.

"येतेस का माझ्याबरोबर?" काकांनी विचारलं. "कुठे थांबायचं ते तू ठरव. गुरुवारपर्यंत कागद द्यावे लागतील फक्त."

काकूंनी सुई दातांतून काढली. नवऱ्याकडे बघितलं. मग शब्दकोशाकडे बघितलं.

"बघू," त्या म्हणाल्या.

आता हे 'बघू' काय होतं ते सांगायला हवं. काकू नाही म्हणायच्या तेव्हा नाहीच म्हणत. 'बघू' म्हणजे हो. खळ लावून झालेली, सुकायला ठेवलेली. काकांनाही ते माहीत असायला हवं होतं, आणि होतंही. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की 'गुरुवार' हा शब्द काकूंच्या कानात शिरताना, इतक्या वर्षांच्या सवयीने, आपोआप पुढे सरकला आणि सोमवार-मंगळवारपाशी जाऊन बसला. गुरुवार म्हणतायत म्हणजे सोमवार नक्की, मंगळवारही चालेल. त्यांनी विचारसुद्धा केला नाही. जिना उतरताना पायरी मोजतं का कोणी?

बुधवारी काकूंनी काही केलं नाही. गुरुवारी त्या शब्दकोश पोचवायला वाचनालयात गेल्या आणि तिथून लेकीकडे. लेकीला सांगायचं होतं, तिच्याकडून गरम कोट मागायचा होता, आणि फोटो काढायचा तर केस जरा नीट करून घ्यायचे होते.

गुरुवारभर काका घरी बसून होते. कोरा अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला होता, कडेला समांतर. दुपारी फोन उचलला आणि परत ठेवला. आखणीकाकांनी आयुष्यात कोणाला एकदा सांगून सोडलं नव्हतं. प्रवाशांना आदल्या रात्री आठवण, सकाळी आठवण, बसच्या दारात आठवण. 'काका तीनदा' असं ऑफिसात त्यांना मागे म्हणतही असत. पण आज त्यांना मोकळं, सैल, मागे न लागणारं व्हायचं होतं. आठवण करणं म्हणजे पुन्हा शिट्टी वाजवणं. नाही, तिने आपणहून यायला हवं. संध्याकाळ झाली, थैली गेली असणार, काकू घरी आल्या, केस सुंदर दिसत होते, काका त्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं, म्हणजे तिने न यायचं ठरवलं. नको म्हणायचं नाही म्हणून दिवसभर बाहेर राहिली.

सोमवारी सकाळी काकूंनी टेबलावर पासपोर्ट ठेवला. त्यावर पाकिटात दोन फोटो. फोटोत त्या निळा पोशाख घालून थोड्या हसत होत्या, जेवढं सरकारी फोटोत चालतं तेवढं.

"चला," त्या म्हणाल्या. "येते मी. पण एक सांगते, नदीपाशी उतरायचं. तिथे काही नसलं तरी."

काकांनी फोटोंकडे बघितलं.

"अगं, गुरुवार गेला," ते म्हणाले.

"हो, गेला. मग?"

"गुरुवारी थैली गेली. आता त्यांची सुट्टी. आपल्या तारखेपर्यंत व्हिसा नाही व्हायचा."

"अहो, पण गुरुवार म्हणजे..." काकू म्हणाल्या, आणि थांबल्या.

दोघांनीही ती वजाबाकी एकाच वेळी केली. टेबलाच्या दोन बाजूंना.

"या वेळी उशी नव्हती," काका म्हणाले.

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं की. गुरुवार."

"गुरुवार सांगितलंत. उशी नाही हे कुठे सांगितलंत?" काकूंचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "आणि एकदा आठवण नाही करायची? तुम्ही? दुधाची पिशवी आणायची तर तीन फोन करता."

"मला वाटलं, तुला आवडत नाही."

"नाहीच आवडत," काकू म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या, आणि पायांतल्या नव्या बुटांकडे बघत राहिल्या.

काकांनी कप्तानबाईंना फोन लावला. त्यांनी दोन ठिकाणी विचारलं, एका ओळखीच्या बाईला घरी फोन केला, आणि तासाभराने सांगितलं, "काका, नाही हो होत. देव आला तरी, मी म्हटलं होतं ना?" त्या खरंच म्हणाल्या होत्या, आणि खरी वेळ सांगणारी ती एकच बाई होती.

"मी माझं रद्द करतो," काका फोन ठेवून म्हणाले.

"नको," काकू म्हणाल्या. "जा तुम्ही. तिकीट कशाला फुकट घालवता."

"खरंच जाऊ?"

"जा म्हटलं ना."

आणि काका "बरं" म्हणाले.

माणसाचं जमाखर्चाचं पान नीट वाचायचं तर इथे थांबावं लागतं. आयुष्यभर या माणसाने कोणाच्याही शब्दावर भरवसा ठेवला नव्हता. साडेआठ म्हणणारा नऊला येतो, 'निघालो' म्हणणारा अजून दाढी करत असतो, हे धरूनच त्याची सगळी कारकीर्द उभी होती. आणि ज्या एका दिवशी बायकोच्या 'नको'वर विश्वास ठेवायचा नव्हता, त्याच दिवशी त्याने तो ठेवला. पहिल्या झटक्यात. का? थोडा रागही होता, की गुरुवारी तिने आपलं म्हणणं मनावर घेतलं नाही. आणि थोडं, अगदी कबूल करवत नाही एवढं थोडं, त्याला एकट्याला जावंसंही वाटू लागलं होतं. 'माहीत नाही' या शब्दांची चटक लागली होती. खर्चाच्या बाजूला काय पडतंय, हे त्याला त्या क्षणी दिसलं नाही. दिसलं ते नंतर. आणि नंतर दिसलेल्याचा काही उपयोग नसतो, नुसतं दिसत राहतं.

लेक विमानतळावर सोडायला आली तेव्हा तिने वडिलांना बाजूला घेतलं. "बाबा, आई एकदा नको म्हणाली आणि तुम्ही ऐकलंत? एकदा?"

"ती म्हणाली जा."

"ती म्हणणारच. तुम्ही तीनदा विचारता ना नेहमी? ती दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत होती हो."

काकांनी बॅगेचं कुलूप उघडून पुन्हा लावलं.

अर्थातच ते फार लवकर पोचले होते. लेक गाडी हलवायला गेली आणि काका-काकू बाहेरच्या बाकावर बसून राहिले. काकूंच्या पायांत तेच बूट होते. समोरून लोक धावत होते, कोणाचं पाकीट सापडत नव्हतं, कोणाचं पोर.

"तुमची ही उशी मला कधी आवडली नाही," काकू म्हणाल्या. "आज बरी वाटतेय."

काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. आत्ता म्हणावं, नाही जात, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण बॅग चढवायची वेळ झाली होती, आणि वेळ झाली की उठायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. ते उठले.

तो देश काकांनी आखला होता त्याहून बराच मोठा निघाला. पहिल्या शहरात त्यांनी एक रात्र काढली, कचराकुंडीवर उघडणारी खिडकी खालून ओळखली, आणि सकाळी देश आडवा कापत जाणाऱ्या आगगाडीत बसले. पहिल्या दिवशी ते कुठेच उतरले नाहीत. बरं वाटलं म्हणजे नक्की किती बरं वाटलं की उतरायचं, हे त्यांना ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी काकूंनी अस्तर लावलेला नकाशा मांडीवर उलगडून ते बसले आणि बोटाने गाडीबरोबर सरकत राहिले. नदीचं वळण जवळ आलं तसे उठून दारात जाऊन उभे राहिले. बरेच आधी.

उतरणारे ते एकटेच होते. छोटं स्टेशन, एक घड्याळ, एक बाक, पलीकडे उतार. उताराखाली नदी. नदी वळत होती कारण मध्ये एक खडकाळ टेकाड होतं, बस्स, एवढंच कारण. काठावर होड्या उलट्या करून ठेवल्या होत्या आणि एक माणूस त्यांच्या तळाला काळं काहीतरी फासत होता. फासून झालं की तो बाजूला बसे, हात पुशी, पाण्याकडे बघे. मग पुढची होडी. त्याला कसलीही घाई नव्हती. ते सुकायला जेवढा वेळ लागेल तेवढा लागणार होता. काका त्याच्याकडे बघत उभे राहिले, आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की इथे काकू दिवसभर बसल्या असत्या. त्या माणसाला काय फासतोस म्हणून हातवारे करून विचारलं असतं, बोट लावून वास घेऊन बघितला असता. आपल्याला विचारायचं सुचत नाहीये. आपल्याला एवढंच सुचतंय की परतीची गाडी किती वाजता.

त्यांनी काकूंना फोन लावला.

"पोचलो नदीपाशी."

"काय आहे?"

"काही नाही." मग ते म्हणाले, "होड्या आहेत. एक माणूस त्यांना खळीसारखं काहीतरी लावतोय. काळं."

"डांबर असेल. कसा लावतोय? कुंच्याने की फडक्याने?"

काकांनी नीट बघितलं. "फडक्याने."

"कडेकडेने की मधून?"

"कडेने आधी."

"शहाणा आहे," काकू म्हणाल्या. तिकडे टेबलाशी बसल्या असणार. दाबाचा स्क्रू फिरवल्याची ओळखीची करकर ऐकू आली.

"पुढच्या वर्षी दोघं येऊ," काका म्हणाले.

"हो, येऊ की."

तो आवाज काकांना चांगला ओळखीचा होता. साडेआठ सांगितलं की जुने प्रवासी असंच "हो हो" म्हणत आणि मनात नऊ लिहून घेत.

"नाही, खरंच म्हणतोय मी. या वेळी खरंच."

"अहो, तुमचं सगळं खरंच असतं," काकू म्हणाल्या. चिडून नाही, समजूत घालावी तसं. "फक्त ते जेव्हाचं म्हणता तेव्हाचं नसतं, एवढंच. जेवलात का?"

"जेवेन."

"जेवा. आणि गाडी चुकवू नका," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आलं. "तुम्ही काय चुकवणार म्हणा."

काका उतार चढून स्टेशनात आले. बाकावर बसले, बॅग शेजारी बाकावरच ठेवली. थोड्या वेळाने हातात पिशव्या घेतलेली एक म्हातारी बाई आली. तिने बॅगेखालच्या जागेकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. इथे कोणी यायचंय का?

भाषा कळायची गरज नव्हती. काकांनी मान डोलावली, हो. त्यांनी ती का डोलावली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाई समजल्यासारखं हसली आणि पलीकडे जाऊन खांबाला टेकून उभी राहिली. तिला हाक मारावी, बॅग उचलून मांडीवर घ्यावी, असं काकांना वाटत राहिलं. समोर घड्याळ होतं. गाडीला अजून अर्धा तास होता.